माग बंद करायला लावणारी आक्का

आक्का, तू गेलीस त्या दिवशी गल्लीतले माग बंद झाले आणि मला हसू आलं. खरंच सांगते. तुझी आई, आमची शेजारची काकू, आत ओरडून रडत होती, माझी आई तिला धरून बसलेली. एकेका घरातला खडखडाट थांबत थांबत आमच्या दारापर्यंत आला, आणि शेवटचा माग थांबला तसं मला एकदम तुझी ती पहिली मीटिंग आठवली. मी ओढणी तोंडात कोंबली. बाजूच्या बायकांना वाटलं पूजा रडतीय. मग खरंच रडू आलं, ते वेगळं.

तुला माहीत हाय सगळं, पण हे वाचणाऱ्यांना माहीत नसणार म्हणून सांगते. आमच्या सीमाभागातल्या वडगावात घराघरात माग. सकाळी सुरू झालेला आवाज रात्री झोपायच्या वेळंपर्यंत. पाहुणे आले, ताप आला, परीक्षा असली, कशासाठी थांबत न्हाय. थांबतो फक्त गल्लीत कुणी गेलं की, प्रेत गल्लीबाहेर पडंपर्यंत. आणि तू पोलिस. आमच्याच गल्लीतल्या विणकराची पोरगी, वर्दी घालून स्कूटीवरनं जायचीस आणि आप्पा लोक उठून बाजूला सरकायचे, आणि तू ओरडायचीस, "आप्पा, बसा की ओ, मी शोभाच हाय!"

ठाण्यातनं तुला काम दिलं ते खड्याचं. मेथ, आइस, क्रिस्टल, कागदावर लई नावं होती, पण गल्लीत त्याला खडाच म्हणतात, खडीसाखरेसारखा दिसतो म्हणून. गल्लोगल्ली जाऊन लोकांना सांगायचं, हे काय हाय, घेतल्यावर काय होतं, घरातल्यानं घेतलं तर कुठं जायचं. तू मला धरलंस. "पुजे, तुझी बोटं लई पळतात मोबाइलवर. वरनं कागद कन्नडात आलाय, तू मराठीत टाइप कर." मी म्हटलं वर चालतंय काय ते? तू म्हणालीस, "कागद कन्नडात येऊ दे की. तोंड माझं हाय."

तर ती पहिली मीटिंग. मागाच्या आवाजात माइक ऐकू जाईना म्हणून तू घरोघर जाऊन हात जोडलेस. अर्धा तास, फक्त अर्धा तास माग बंद ठेवा. सगळ्यांनी तुझ्या शब्दाखातर ठेवले. दुपारची वेळ, आणि एकदम सगळी गल्ली गप्प. आणि मग सुरू झालं! पलीकडच्या गल्लीतले आप्पा खांद्यावर टॉवेल टाकून आले. "कोण गेलं रं?" बायका डोक्यावर पदर घेऊन यायला लागल्या. शहापूरच्या मावशीला कुणीतरी फोन केला, ती रिक्षा करून आली आणि कोण गेलं ते विचारायच्या आधीच रडायला लागली. आणि मधोमध तू, वर्दीत, हातात माइक. त्यांतले मारुती आप्पा हळूच म्हणाले, "पोलिस आल्यात म्हंजे फास घेतला असणार कुणीतरी."

तू हसलीस. माझ्याकडं बघितलंस, परत हसलीस, आणि माइक तोंडापाशी धरून म्हणालीस, "अजून कुणी गेलं न्हाय. म्हणूनच बोलवलंय."

आक्का, त्यानंतर एक माणूस हलला न्हाय. मी व्हिडिओ काढत होते, त्यात दिसतंय. ते एक वाक्य तू ठरवून बोललीस काय तसंच सुचलं, हे मी तुला किती वेळा विचारलं आणि तू किती वेळा "चल, चहा टाक" म्हणालीस.

ठाण्यानं दिलेलं कवटीचं पोस्टर तू लावलंच न्हाईस. "कवटी बघून पोरं सेल्फी काढतात." तू सरळ सांगायचीस. आधी झोप पळते, भूक पळते, अंगात वारं शिरल्यासारखं होतं, काम दुप्पट होतं. म्हणूनच तर घेतात. मग खड्याशिवाय उठताच येत न्हाय. मग दात जातात, कातडीखाली किडे फिरल्यासारखं वाटतं, खाजवून खाजवून रक्त काढतात, आपलीच माणसं वैरी वाटायला लागतात. मारू नका, खोलीत कोंडू नका, अंगारा लावत बसू नका, दवाखान्यात आणा. आणि शेवटी विचारायचीस, "कुणाला काय विचारायचंय?"

कोण विचारणार? जो विचारील त्याच्याच घरात हाय, असं गल्ली धरून चालते. एकदा एका काकींनी बिचारीनं विचारलं की गोळ्या असतात काय ओ यावर, तर दुसऱ्या दिवशी नळावर तिच्या पोराची चर्चा. त्या पोराला बिडीसुद्धा ठावं न्हाय. निपाणीला, चिकोडीला गेलीस तिकडंही तेच. लोक यायचे, ऐकायचे, लाडू खाऊन जायचे. जीपमधून येताना तू चिडायचीस, "सगळ्यांना सगळं कळतंय, आणि कुणाच्याच घरात न्हाय! मग घेतंय कोण, म्हशी?"

मी हसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. कारण आमच्या घरात होता.

संतूदादा, माझा सख्खा भाऊ. लग्नसराईच्या ऑर्डरी आल्या तेव्हा सुरू झालं. सूत घेऊन येणारा टेम्पो असतो, त्याच्या ड्रायव्हरनं दिला, पहिल्यांदा फुकट. दादानं त्या रात्री माग थांबवलाच न्हाय. सकाळी साड्यांची चळत बघून आई त्याच्या तोंडावरनं हात फिरवून म्हणाली, "लई राबतंय माझं लेकरू." आणि आक्का, इथंच आपण सगळे फसलो. दुसरीकडं पोरगं झोपत न्हाय म्हटलं की आईबाप घाबरतात. आपल्या गल्लीत त्याचं नाव होतं! मारुती आप्पा स्वतःच्या पोरांना सांगायचे, संतूकडं बघा, शिका जरा. तो वाळत चाललाय तर म्हणायचे कष्टानं. बोलत न्हाय तर म्हणायचे कामाचा माणूस. शहापूरचं स्थळ चालून आलं. पोरीचा मामा दारात उभा राहून बराच वेळ दादाचा माग बघत राहिला आणि बाबांना म्हणाला, "असं कष्टाळू पोरगं दिवा लावून शोधलं तरी मिळायचं न्हाय." खड्यानं दादाचा जबडा नुसता हलत होता. मी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली. माझ्या हातातला धागा तुटला.

मला कळलं ते तुझ्यामुळंच. तू सांगितलेलं एकेक टाइप करत होते आणि एकेक दादाशी जुळत होतं. मी त्याला विचारलं. आधी अंगावर आला. मग खाली बसला. म्हणाला, "सोडायचंय गं पुजे, पण सोडलं की दोन-दोन दिवस उठवत न्हाय मला, आणि माग बंद पडला की आई विचारणार." आणि मग दुसरं सांगितलं. ड्रायव्हरनं त्याच्याकडनं एकदा निपाणीहून एक पुडी आणवली होती. एकदाच. गाडीच्या सीटखाली ठेवून. आता ड्रायव्हर त्याला तेच ऐकवत राहतो.

म्हंजे बघ, दादा माझा, आक्का माझी, आणि मधी मी. तुला सांगितलं तर तू पोलिस. न सांगितलं तर तो मरणार. रोज तुझ्या मागं स्कूटीवर बसायचे, तुझी पाठ समोर, आणि वाक्य घशापर्यंत यायचं. सिग्नल सुटायचा, परत खाली जायचं.

तू निपाणीला जायच्या आदल्या दिवशीचं भांडण तुला आठवतंय न्हवं? तुमच्या पुढच्या खोलीत तू वर्दीला इस्त्री करत होतीस. वर न बघता म्हणालीस, "पुजे, तुला कुणाचं तरी माहीत हाय."

मी म्हटलं, "वर्दीत विचारतीयास का बिनवर्दीचं?"

"वर्दी ही बघ, इस्त्रीखाली पडलीय."

"मग सांगितलं तर लिहिणार न्हाईस?"

तू इस्त्री उभी केलीस. "घेणाऱ्याला वाट हाय गं. कायद्यातच हाय. आपणहून उपचाराला आला, नीट पूर्ण केला, तर त्याला आत टाकत न्हाईत. मी प्रत्येक मीटिंगला हेच तर घसा फोडून सांगते."

"आणि घेणाऱ्यानं कुणाची पुडी पोचवली असली तर? एकदाच? उगाच विचारते."

आक्का, तुझा चेहरा. मी तुला चोर पकडताना बघितलंय, दारुड्याच्या कानाखाली वाजवताना बघितलंय, पण तुला घाबरलेलं त्याच दिवशी बघितलं. तू म्हणालीस, "ते मला सांगू नको." मग म्हणालीस, "सांग." मग परत, "न्हाय, थांब. सांगू नको. सांगितलंस तर मला गप्प बसता येणार न्हाय, आणि बोलले तर या गल्लीत परत पाय ठेवता येणार न्हाय."

आणि मी ओरडले. लई ओरडले. "मग मीटिंगा कशाला घेतीयास? विचारा विचारा म्हणतीस, आणि कुणी तोंड उघडलं तर तू कान झाकणार! तू आधी पोलिस हाईस का आधी आक्का?"

काकू आतनं म्हणाली, "काय लावलंय गं तुम्ही दोघींनी? सुम्म बसा की, गप."

तू म्हणालीस, "घरी जा, पुजे." आवाज न चढवता. मला वाटलं तू चिडलीस. मी चप्पल घालून निघाले, तर तू मागनं म्हणालीस, "उद्या निपाणीहून आले की ये. चहा करते." मी व्हय बी म्हटलं न्हाय, न्हाय बी म्हटलं न्हाय.

निपाणीहून परत येताना हायवेवर तुमच्या जीपला ट्रकनं मागनं धडक दिली, ते मी लिहिणार न्हाय. ते पेपरात आलंय. फोटोपण चुकीचा छापलाय, तू त्यात कधी नव्हतीस इतकी गंभीर दिसतीयास.

मग हे दिवस. तुझ्यासाठी रडायला बसावं तर डोक्यात दादा, दादासाठी काही करावं तर डोक्यात तू. साहेब येऊन गेले, तुझे मोठे साहेब, चांगला माणूस हाय, मोडकं मोडकं मराठी बोलतात. म्हणाले, "शोभा मॅडमचा कार्यक्रम थांबवायचा न्हाय. पुढच्या मीटिंगला तुम्ही मराठीत बोला." मी मान हलवली. माइकवर मी काय बोलणार गं? आपल्या माणसाला दवाखान्यात आणा म्हणून? आणि टेम्पो येतोच हाय. तोच ड्रायव्हर, सूत उतरवतो, तुझ्या दारावरनं जाताना हात जोडतो, आणि दादाकडं बघतो. मी कांड्या भरत बघत बसते. आईला सांगावं तर स्थळ मोडणार. बाबांना सांगावं तर ते मारणार. साहेबांना सांगावं तर पुडीचं निघणार. कुठल्याही दारातनं जा, दादाच आत. कधीकधी मला तुझा राग येतो. एवढी माहिती मला टाइप करायला लावलीस आणि हे कुणाला सांगायचं तेवढंच न सांगता गेलीस.

आणि आता ऐक, काय झालं ते. हे तुला सांगायचं म्हणूनच तर टाइप करायला बसले.

काकूला भेटायला माणसं येत होती. चटईवर आपल्या गल्लीतल्या बायका, मारुती आप्पा, माझी आई. दादा पाणी देत होता, हात कापत होते म्हणून तांब्या दोन्ही हातांनी धरलेला. तेवढ्यात एक बाई आल्या, पन्नाशीच्या, हातात पर्स, कुणी ओळखीचं न्हाय. काकूच्या शेजारी बसल्या, हात हातात घेतला. म्हणाल्या, "मी सरकारी दवाखान्यात सिस्टर हाय, व्यसन सोडवायच्या विभागात. शोभा मॅडम पेशंट घेऊन यायच्या आमच्याकडं." काकू मान हलवत राहिली. मग त्या इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "त्यांचा भाऊ कुठं हाय?"

कुणालाच कळेना. मारुती आप्पा म्हणाले, "भाऊ? शोभाला भाऊ न्हाय ओ बाई. दोघी बहिणीच. धाकटी धारवाडला दिलीय."

सिस्टर गडबडल्या. "न्हाय, त्या दिवशी निपाणीहून त्यांचा फोन आलता. माझ्या भावाला घेऊन येते म्हणाल्या. सोमवारी डॉक्टरांना वेळ ठेवायला सांगा म्हणाल्या. आवाज रडवेला होता, म्हणून लक्षात राहिलं."

तुला कळत होतं आक्का. मी नाव न सांगता तुला नाव कळलंतं. आणि तू कान झाकले नव्हतेस. मी तुझ्या दारातनं तोंड फिरवून गेले आणि तू निपाणीत कुठंतरी उभी राहून फोन करून आमच्या दादाला तुझा भाऊ केलंस.

मी दादाकडं बघितलं न्हाय. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. मी चटईची काडी उपटत बसले. आणि माझ्या डोक्यावरनं आवाज आला.

"मी हाय."

दादा तांब्या घेऊन उभा. परत म्हणाला, "तिचा भाऊ मीच."

काकूनं हंबरडा फोडला आणि त्याचा हात ओढून कपाळाला लावला. मारुती आप्पांनी डोळे पुसले. म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात पोरगं. पाठचा नसून पाठचा झाला." आईसुद्धा माझ्या कानात पुटपुटली, "बरं बोलला गं, काकूला धीर आला." कुणालाच, एकालाही कळलं न्हाय! सगळ्यांना वाटलं दुःखात आधार दिला. फक्त सिस्टरनं त्याचे हात बघितले, दात बघितले, आणि तांब्या त्याच्याकडनं घेऊन खाली ठेवला. जाताना दारात म्हणाल्या, "वेळ अजून ठेवलेली हाय बरं का, भाऊ."

संध्याकाळी दादानं माग लावला न्हाय. आईनं विचारलं बरं न्हाय का, तर "कंटाळा आलाय" म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्याच्या तोंडातनं ऐकला. मी हे टाइप करत होते, तो येऊन शेजारी बसला. "काय लिहितीयास?" मी मोबाइल दिला. लई वेळ वाचत होता, मधीच वर जायचा, परत खाली. तुझ्या इस्त्रीपाशी येऊन थांबला.

मी म्हटलं, "पुडीचं काढून टाकते. तुझं नावपण काढते."

तो गालावरची खपली खाजवत बसला. मी त्याचा हात धरला. मग म्हणाला, "शोभाआक्कानं भाऊ म्हटल्यावर अर्धंच कसं सांगायचं गं? ठेव. दवाखान्यातनं तसाच साहेबांकडं जातो. पुडीचं, ड्रायव्हरचं, सगळं मीच सांगतो."

"आत टाकतील रं."

"टाकतील कदाचित."

"आणि आईचं? स्थळाचं?"

"मला ठावं न्हाय, पुजे. मला काहीच ठावं न्हाय." मग मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाला, "पण आधी मोबाइलवरनं कुणाला टाकू नको हे. मी साहेबांना सांगून बाहेर आलो की टाक. गल्लीला तुझ्याकडनं कळू दे, ड्रायव्हरकडनं नको. आणि सोमवारी गाडी तू चालव. माझ्या हातात हँडल राहायचं न्हाय."

म्हणून हे लिहून झालेलं तसंच ठेवलंतं, आक्का. आज टाकतीय.